ॲम्ब्युलन्समधलं बायकार्ब: कधी फोडायचं, कधी हात आवरायचा

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या ॲम्ब्युलन्सच्या औषधपेटीत सोडियम बायकार्बोनेट असतं. सीनियर म्हणतात, सीपीआर दहा मिनिटांच्या पुढे गेला की एक डोस देऊन टाकायचा. परवा तसा दिला, तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, 'हे कशासाठी दिलंत?' मला काही सांगता आलं नाही. मग ते नक्की कधी द्यायचं आणि किती?"

डॉक्टरांचा प्रश्न रास्त होता. पण तुमचे सीनियरही हवेत बोलत नव्हते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या १९७४ च्या मार्गदर्शक सूचनांत हृदय बंद पडलेल्या रुग्णाला बायकार्ब लवकर देण्याची पद्धत होती, आणि त्या काळी शिकलेल्यांनी पुढच्यांना तेच शिकवलं. १९८६ मध्ये ते मागे ढकललं गेलं. २०१० मध्ये तर सरसकट वापर नको असं स्पष्ट सांगितलं गेलं आणि २०२० मध्येही तेच कायम राहिलं. कागदावर नियम बदलला तरी हाताची सवय लवकर जात नाही. मलाही शिकवणाऱ्यांनी 'दहा मिनिटं झाली, सोडा दे' असंच शिकवलं होतं आणि मी तो दिलेलाही आहे.

माझं उत्तर एका ओळीत: ॲम्ब्युलन्समध्ये बायकार्ब फोडायचं ते मुख्यतः ईसीजीवर क्यूआरएस (हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावताना उमटणारी उंच टोकदार लहर) रुंद दिसतो आणि त्यामागचं कारण ओळखता येतं तेव्हा. 'रक्तात ॲसिड वाढलं असणार' एवढ्याच विचारावर फोडायचं नाही. याची कारणं खाली सांगतो. डोस मात्र तुमच्या सेवेचा प्रोटोकॉल आणि फोनवरचे डॉक्टर यांच्या चौकटीतच द्या.

आधी थोडं रसायन. बायकार्बोनेट आम्लाशी जुळलं की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे आम्ल कुठे गायब होत नाही, वायू होऊन फुप्फुसांच्या दाराशी येऊन उभं राहतं. श्वास नीट चालू असेल आणि फुप्फुसांतून रक्त वाहत असेल, तर तो वायू बाहेर जातो आणि पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) खरंच वर येतो. दार बंद असेल तर तो आतच साठतो. प्रमाण किती, तेही पाहा. ८.४ टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरला १ मिलिइक्विव्हॅलंट (क्षारांचं प्रमाण मोजायचं एकक) बायकार्बोनेट असतं. ५० मिलिलिटर दिलं आणि ते सगळं आम्लाशी जुळलं, तर सव्वा लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचं शरीर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर तयार करतं. म्हणजे सहा मिनिटांचा वायू तुम्ही एका सिरिंजमधून आत ढकललात. बरं, हा वायू पेशींच्या आवरणातून सहज आत शिरतो, बायकार्बोनेट मात्र तितक्या सहज शिरत नाही. त्यामुळे बाहेर रक्ताचा पीएच सुधारलेला दिसतो आणि त्याच वेळी पेशीच्या आत, हृदयाच्या स्नायूत आणि मेंदूत, आम्लता वाढलेली असू शकते.

सीपीआर चालू असताना ते दार जेमतेम किलकिलं असतं. १९८६ मध्ये वाइल आणि सहकाऱ्यांनी सीपीआर चालू असलेल्या रुग्णांच्या धमनीतलं आणि फुप्फुस-धमनीतलं, म्हणजे मिश्र शिरेचं, रक्त एकाच वेळी तपासलं. धमनीत पीएच सरासरी ७.४१ होता, मिश्र शिरेच्या रक्तात ७.१५. कार्बन डायऑक्साइडचा दाब धमनीत ३२ आणि शिरेत ७४ मिलिमीटर पारा. पेशींकडून येणारं रक्त वायूने गच्च भरलेलं, आणि ते फुप्फुसांपर्यंत पोचवायला प्रवाहच पुरेसा नाही. अशा वेळी कमतरता प्रवाहाची असते. ती छातीवरचा दाब, वेळेवर शॉक आणि योग्य बॅगिंग (पिशवी दाबून श्वास देणं) यांनीच भरून निघते. त्या रुग्णाला बायकार्ब देणं म्हणजे तुंबलेल्या नाल्यात आणखी एक बादली ओतणं.

अभ्यासांतूनही फार वेगळं काही हाती आलेलं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ७९२ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून बायकार्ब किंवा नुसतं सलाईन दिलं होतं. एकूण जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. लांबलेल्या केसेसमध्ये थोडा कल बायकार्बच्या बाजूने दिसला, आणि 'दहा-पंधरा मिनिटांनंतर द्या' म्हणणारे अजूनही त्याचाच आधार घेतात. २०१७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातल्या ॲम्ब्युलन्स नोंदींवरून झालेल्या मोठ्या निरीक्षणात बायकार्ब मिळालेल्यांचं जगण्याचं प्रमाण आणि मेंदूची अवस्था, दोन्ही कमी निघालं. निरीक्षणाचा अर्थ लावताना जपूनच राहावं, कारण ज्याचं काही खरं नाही अशालाच शेवटचं म्हणून बायकार्ब दिलं जातं. पण फायदा दाखवणारा भक्कम पुरावा नाही, एवढं मान्य करायला हरकत नसावी.

आणखी एक सापळा आहे, त्यात मी स्वतः सापडलो आहे. कॅप्नोग्राफ (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) लावलेला, आकडा चौदाच्या आसपास रेंगाळत होता. बायकार्ब दिलं आणि मिनिटभरात आकडा तिसावर गेला. कोणीतरी म्हणालं, "आली, आली!" दाब थांबवून आम्ही मानेला बोटं लावली. नाडी नव्हती. तो वायू आम्हीच ओतलेल्या औषधाचा होता. पुन्हा दाब सुरू करेपर्यंत वीसेक सेकंद वाया गेले. तेव्हापासून बायकार्ब दिलं की मी मोठ्याने सांगतो, "पुढची काही मिनिटं कॅप्नोवर भरवसा ठेवू नका."

आता बायकार्बची दुसरी बाजू बघू, म्हणजे सोडियम. प्रत्येक बायकार्बोनेटबरोबर एक सोडियम जातंच. ८.४ टक्क्यांच्या द्रावणात लिटरमागे १००० मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं. साध्या सलाईनमध्ये ते १५४ असतं आणि ३ टक्के सलाईनमध्ये ५१३. म्हणजे हातातली ती सिरिंज खरं तर कडक मिठाचं पाणी आहे. एरवी हे दुष्परिणामांच्या रकान्यात जातं, पण ट्रायसायक्लिकच्या, म्हणजे नैराश्यावरच्या जुन्या गटातल्या गोळ्यांच्या, विषबाधेत नेमका हाच उपाय ठरतो.

अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही औषधं जास्त प्रमाणात पोटात गेली की हृदयाच्या पेशींवरचे सोडियमचे जलद मार्ग अडवतात. विद्युतलहर अडखळत पुढे सरकते आणि ईसीजीवर क्यूआरएस पसरतो. बाहेरून सोडियमचा लोंढा आणला की उरलेल्या मोकळ्या मार्गांतून रेटा वाढतो. शिवाय पीएच वर गेला की औषधाची त्या मार्गावरची पकड सैल होते. दोन्ही कामं एकाच औषधाने होतात, म्हणून इथे बायकार्बला तोड नाही.

क्यूआरएस मोजायचा कसा? पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने पळवा. एक छोटा चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. अडीच चौकोन म्हणजे १००, चार चौकोन म्हणजे १६०. १९८५ मध्ये बोनर्ट आणि लव्हजॉय यांनी दाखवलेले हे आकडे आजही कामाला येतात: १०० च्या पुढे झटक्यांचा धोका, १६० च्या पुढे व्हेंट्रिक्युलर, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतल्या, अनियमिततेचा. जोडीला ईसीजीच्या एव्हीआर नावाच्या लीडमध्ये शेवटी येणारी आर लहर ३ मिलिमीटरपेक्षा उंच आहे का, तेही पाहा. मशीनने छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. रुंद क्यूआरएसमध्ये मशीन चुकतं. स्वतः चौकोन मोजा.

एक केस अजून लक्षात आहे. विशीतली तरुणी, उशाशी रिकाम्या स्ट्रिप, नाडी १३०, त्वचा कोरडी आणि गरम, बाहुल्या मोठ्या, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटायची. पहिल्या पट्टीवर क्यूआरएस जेमतेम तीन चौकोन. गाडी निघाली आणि दहा मिनिटांत तिला झटका आला. मिडाझोलाम दिलं, झटका थांबला, पण मॉनिटरवर क्यूआरएस साडेचार चौकोनांचा झाला होता. यात नवल नाही. झटक्याने स्नायूंतून आम्ल ओतलं जातं, पीएच खाली येतो आणि औषधाची पकड आणखी घट्ट होते. म्हणूनच या विषबाधेत झटका लगेच आवरायचा, आणि तोही मिडाझोलाम, लोराझेपाम यांनी. फेनिटॉइन टाळा, तेही सोडियमच्याच मार्गांवर बसतं.

आमच्याकडे ७.५ टक्क्यांचे १० मिलिलिटरचे अँप्यूल होते. पुस्तकातला हिशेब इथेच गडबडतो, कारण ७.५ टक्क्यांत दर मिलिलिटरला १ नाही, साधारण ०.९ मिलिइक्विव्हॅलंट असतं. डोस किलोमागे १ ते २ मिलिइक्विव्हॅलंट. ती पन्नास किलोची धरली तर किमान सहा अँप्यूल! एक फोडून 'दिलं बायकार्ब' म्हणण्यात अर्थ नाही, ते किमान डोसच्या पाचव्या हिश्श्याएवढंही होत नाही. सहकाऱ्याने भराभर सहा अँप्यूल फोडून मोठ्या सिरिंजमध्ये ओढले आणि मी मॉनिटरकडे बघत दोनेक मिनिटांत ते दिले. डोळ्यांदेखत क्यूआरएस आक्रसत गेला. सगळं संपेपर्यंत तीन चौकोनांच्या आत आला आणि ८० वरचा रक्तदाबही वर सरकला. वीसेक मिनिटांनी तो पुन्हा पसरू लागला तेव्हा दुसरा डोस दिला. हा पुन्हा पसरण्याचा भाग विसरू नका. औषध अजून पोटातून रक्तात येतच असतं.

रुग्णालयात पीएच ७.४५ ते ७.५५ ठेवतात. आपल्याकडे ब्लड गॅस (रक्तातला पीएच आणि वायू मोजणारी तपासणी) नाही, त्यामुळे आपली मोजपट्टी क्यूआरएस आणि रक्तदाब हीच. क्यूआरएस अरुंद झाला, दाब टिकला, की थांबा. पुढे नुसतं ओतत राहिलात तर सोडियम चढतं आणि पोटॅशियम व आयनरूपातलं कॅल्शियम उतरतं, म्हणजे नव्या अनियमिततेला आमंत्रण. श्वासनलिकेत नळी घातलेली असेल तर श्वास थोडे जलद द्या, त्यानेही पीएच वर राहायला मदत होते. हाच तर्क सोडियमचे मार्ग अडवणाऱ्या इतर विषांना लागू होतो: डायफेनहायड्रामिन, फ्लेकेनाइड, कोकेन, प्रोप्रॅनोलॉल. क्लोरोक्विनमध्ये मात्र पोटॅशियम आधीच खूप खाली असू शकतं आणि बायकार्ब ते आणखी खाली ओढतं. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

रुंद क्यूआरएसचं दुसरं मोठं कारण म्हणजे वाढलेलं पोटॅशियम. डायलिसिस चुकलेला रुग्ण, हातापायांत ताकद नाही, नाडी मंद, टी लहरी तंबूसारख्या टोकदार, पी लहर गायब, क्यूआरएस रुंद होत होत शेवटी नागमोडी रेघ. इथे पहिला हात कॅल्शियमकडे जायला हवा. १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० ते ३० मिलिलिटर सावकाश. परिणाम दोन-तीन मिनिटांत दिसतो आणि अर्धा ते एक तास टिकतो. त्यानंतर नेब्युलायझरमधून सालब्युटामॉल १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या चार ते आठ रेस्प्युल, दम्याला देतो त्या एकाने भागत नाही. बायकार्ब यांच्या मागे. जुनी समजूत अशी की बायकार्ब पोटॅशियमला पेशीत ढकलतं. डायलिसिसच्या रुग्णांवर पाहिलं तेव्हा नुसत्या बायकार्बने तासाभरात पोटॅशियम फारसं हललं नाही. सोबत तीव्र आम्लता असेल किंवा हृदय बंद पडलं असेल, तर ५० मिलिइक्विव्हॅलंट द्यावं. एरवी डायलिसिसच्या रुग्णाला, त्यात फुप्फुसांत पाणी असेल तर, हे मिठाचं ओझं महागात पडतं.

इथेच लाइनबद्दल सांगतो, कारण चूक बहुतेक इथेच होते. कॅल्शियम आणि बायकार्ब एकाच नळीत एकामागोमाग गेले की नळीत पांढरे कण धरतात, खडूच तयार होतो. ॲड्रेनालिनही बायकार्बबरोबर एकाच नळीत निकामी होऊ लागतं. दोन लाइन असतील तर वेगवेगळ्या लाइन वापरा. एकच असेल तर मध्ये २० मिलिलिटर सलाईनने नळी धुवा, आणि 'घाई आहे' म्हणून हे गाळू नका. शीर पक्की आहे ना, हे आधी साध्या सलाईनने तपासा. बायकार्ब शिरेबाहेर गेलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं. हाताच्या पाठीवरच्या बारीक, ठुसठुसणाऱ्या शिरेतून ५० मिलिलिटर ढकलू नका, कोपराजवळची जाड शीर किंवा इंट्राऑसियस (हाडाच्या पोकळीत घातलेली सुई) बघा.

ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाबद्दलही नेहमी विचारणा होते. १९४१ मध्ये लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यांनंतर बायवॉटर्स आणि बील यांनी याचं वर्णन केलं होतं: माणूस बाहेर काढताना बरा वाटतो, काही दिवसांत मूत्रपिंडं जातात. त्याहून घाईचा धोका काढण्याच्या क्षणीच असतो, कारण तासन् तास दबलेल्या पायातलं पोटॅशियम आणि आम्ल एकदम रक्तात येतं. इथे खरा उपाय म्हणजे माणूस अडकलेला असतानाच लाइन लावून सलाईन सुरू करणं, मोठ्यांना तासाला साधारण एक लिटर. रिंगर लॅक्टेट नको, त्यात पोटॅशियम असतं. काही प्रोटोकॉलमध्ये सलाईनच्या बाटलीत ५० मिलिइक्विव्हॅलंट बायकार्ब मिसळतात, लघवी अल्कधर्मी राहावी म्हणून. त्याचा पुरावा कच्चा आहे. मिळालं तर मिसळा, पण बायकार्ब शोधण्यासाठी सलाईन थांबवू नका. मॉनिटर लावा, आणि टी लहरी टोकदार झाल्या तर वर सांगितलेला क्रम.

ॲस्पिरिनची विषबाधा हा अपवाद सांगावासा वाटतो. रुग्ण जोरजोरात श्वास घेत असतो, आणि त्या श्वासांवरच त्याचा पीएच टिकलेला असतो. त्याला झोपेचं औषध देऊन श्वासनलिकेत नळी घातलीत आणि मिनिटाला बारा श्वास दिलेत, तर पीएच कोसळतो आणि औषध मेंदूत शिरतं. शक्यतो नळी टाळा. नाहीच टळली तर आधी बायकार्ब आणि नंतर त्याच्या स्वतःच्या वेगाएवढे श्वास.

मधुमेहातला कीटोॲसिडोसिस (इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं), सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणं), रक्तस्रावाचा शॉक, दम्याचा झटका यांत ॲम्ब्युलन्समध्ये बायकार्ब नको. कीटोॲसिडोसिसमध्ये लहान मुलांत बायकार्ब आणि मेंदूची सूज यांचा संबंध २००१ मध्ये समोर आला. तिथे सलाईन आणि लवकर पोचणं महत्त्वाचं. सेप्सिसमध्ये काही निवडक रुग्णांना, पीएच ७.२ किंवा त्याखाली आणि मूत्रपिंडं बिघडलेली असताना, रुग्णालयात देतात. ते रिपोर्ट पाहून घ्यायचे निर्णय आहेत. दम्यात तर ज्याला श्वास बाहेर टाकता येत नाही, त्यालाच आणखी वायू देण्यासारखं होईल. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनातही आता ते सरसकट दिलं जात नाही. तान्ह्या बाळाला विषबाधेसाठी द्यावंच लागलं, तर ८.४ टक्क्यांचं द्रावण तेवढ्याच इंजेक्शनच्या पाण्यात मिसळून ४.२ टक्के करा आणि सावकाश द्या.

तर तुमच्या परवाच्या केसकडे परत. हृदय बंद पडण्यामागे ट्रायसायक्लिक किंवा पोटॅशियमचा सुगावा होता का? घरात गोळ्यांच्या स्ट्रिप, हातावर डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून केलेली फुगीर शीर), बंद पडण्याआधीच्या पट्टीवर रुंद क्यूआरएस? यातलं काही असेल तर दहा मिनिटांची वाट कशाला, पहिल्याच फेरीत द्या, आणि पूर्ण डोस द्या. यातलं काहीच नसेल तर तो हात छातीवर दाब द्यायला वापरा.

रुग्ण सोपवताना तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: बायकार्ब किती मिलिलिटर, किती टक्क्यांचं, किती वाजता. नाहीतर तिथली पहिली ब्लड गॅस वाचताना डॉक्टरांची दिशाभूल होते. आणि डोस देण्याआधीची पट्टी फाडून, वर वेळ लिहून, रुग्णाच्या कागदांना जोडा. देऊन झाल्यावरची पट्टी बहुतेक वेळा बरी दिसते, आणि तेवढीच हातात पडली तर तुम्ही सहा अँप्यूल का फोडलेत हे तिथे कोणालाच कळत नाही.